शेपटीजवळचे तीन काटे

खिडकीचा तो पडदा दिवसाही ओढलेला का असतो, असं तुम्ही मघाशी विचारलंत. बाहेर एवढी नदी आहे, वारा आहे, उजेड आहे. मग पडदा कशाला? सांगते. दिवा जरा अलीकडे घ्या.

गेल्या वर्षीच्या जूनमधली गोष्ट. त्या सकाळी मी घरातून निघाले ती जाळं देऊन टाकायला. माळ्यावरून ते खाली काढलं, ढकलगाडीत घातलं आणि उतारावरून धक्क्याकडे चालू लागले. कुंपणाजवळच्या लायलॅकची फुलं झडून तपकिरी झाली होती. लायलॅक झडला की आमच्याकडे शॅड माशाचा हंगाम शेवटाला येतो. अंडी घातलेले शॅड थकून समुद्राकडे परत फिरतात, आणि त्यांच्या पाठलागावर असलेले बास, अंगावर काळ्या रेघा ओढलेले ते दांडगे मासे, नदीच्या तोंडाशी धुमाकूळ घालत असतात. हंगामाचे चौदा दिवस उरले होते.

जाळं लेम्युएल घेणार होता. लेम म्हणजे माझ्या नवऱ्याचा, एल्डनचा, चुलतभाऊ.

एल्डनला जाऊन त्या आठवड्यात वर्ष होणार होतं. तो संध्याकाळी जाळं टाकायला गेला आणि सकाळी त्याची होडी पुलाखाली सापडली. इंजिन वर उचललेलं होतं. जाळं होडीत नीट घडी करून ठेवलेलं होतं. डब्यात अर्धं सँडविच होतं. एल्डन नव्हता. त्याच्या कमरेला काटे काढायचा चाकू असायचा, तोही नव्हता. तो आणि चाकू, दोन्ही अजून मिळालेले नाहीत.

आमच्या नदीवर दोन नियम आहेत. कुठे लिहिलेले नाहीत, पण सगळे पाळतात. पहिला असा की दरवर्षी मार्चमध्ये जो नदीचा तळ साफ करतो, बुडालेले ओंडके आकडा टाकून ओढून काढतो, तेवढा पट्टा त्याचा. तिथे दुसरा कोणी जाळं टाकत नाही. पण पूर्ण हंगाम पट्टा रिकामा राहिला तर त्याच्यावरचा हक्क गेला. दुसरा नियम असा की एखादा बुडाला आणि वर आला नाही, तर त्याच्या पट्ट्यात वर्षभर कोणी जाळं टाकायचं नाही. खालच्या माणसाला त्रास द्यायचा नाही.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये तळ मी एकटीने साफ केला होता. महिन्यातले सगळे शनिवार-रविवार लागले. तेव्हा कोणी काही बोललं नाही. एप्रिल लागल्यावर मात्र एकेक जण घरी येऊन मला दुसरा नियम ऐकवून गेला. पहिल्या नियमाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. आणि मी गप्प बसले. सत्तावीस वर्षं शाळेत शिकवणारी बाई, पण दुःखात माणसाला साधी बेरीज सुचत नाही.

धक्क्यावर पोचले तेव्हा सात वाजून गेले होते आणि धुकं असं होतं की समोरचा काठ जणू पुसूनच टाकलेला. लेम एका पिंपावर बसून कॉफी पीत होता.

"आणलंस? बरं केलंस. तिथे उंदरांनी खाल्लं असतं."

"पट्टा तू कधी धरणार?" मी विचारलं.

"पुढच्या एप्रिलात. यंदा नाही. यंदा त्याचा मान राखायचा." त्याने कॉफीचा घोट घेतला. "तसंही थर्झा, एकट्या बाईने शॅडचं जाळं ओढायचं म्हणजे... तू पोरांचे कान ओढ. ते तुला झकास जमतं."

"तुझे ओढायचे राहिले."

"मी शाळेत असायचोच कुठे!"

"तेच म्हणते आहे. बेरीज कुठे शिकलास मग? यंदा मान राखायचा म्हणजे पट्टा रिकामा, आणि पट्टा रिकामा म्हणजे पुढच्या वर्षी तुझा. बरोबर आलंय उत्तर."

तो हसला, पण कप खाली ठेवला.

मी पाण्याकडे पाहिलं. आमच्याकडे शॅडचं जाळं अंधार पडल्यावर टाकतात, कारण उजेडात, स्वच्छ पाण्यात माशाला दोरा दिसतो. पण वर डोंगरात पाऊस झाला की नदी चहासारखी गढूळ होते, आणि मग दिवसाही चालतं. नदी त्या सकाळी चहासारखी होती. ओहोटी नुकती लागली होती. मी ढकलगाडी एल्डनच्या होडीपर्यंत नेली आणि जाळं आत टाकलं.

"थर्झा." लेम उठून उभा राहिला होता. "वर्ष व्हायला चार दिवस आहेत. तो अजून खाली आहे."

"असेल तर जाळं त्याच्या ओळखीचं आहे. त्यानेच विणलंय."

"आणि जाळ्यात तोच आला तर...?"

"तर घरी आणीन," मी म्हणाले, आणि इंजिनाची दोरी ओढली.

पट्ट्याच्या वरच्या टोकाला इंजिन बंद केलं. एल्डनबरोबर मी शनिवारी वल्ही मारायला जायची, त्यामुळे हात सवयीचे होते. जाळं नदीवर आडवं सोडत गेले. वर तरंगत्या भेंडांची माळ, खाली शिसं. चारशे हात जाळं पाण्यात गेलं आणि ओहोटीबरोबर होडी आणि जाळं दोन्ही सावकाश खाली सरकू लागली. आता अर्धा-पाऊण तास नुसतं बसायचं. होडीत गेल्या वर्षीचा वास होता, ओल्या दोराचा आणि डांबराचा. धुक्यात वीस-पंचवीस भेंडं दिसत होती, पुढची नाहीत.

सगळीकडे बास उसळत होते. ते परतणाऱ्या छोट्या माशांवर तुटून पडतात, तेव्हा पाण्यावर कोणी फळी आपटावी तसा आवाज होतो. डावीकडे एक, मागे दोन, लांब कुठेतरी सात-आठ. धुक्यात तो आवाज सोबतीसारखा वाटत होता.

आणि तो एकदम बंद झाला. कमी कमी होत नाही गेला. सगळे एका क्षणी थांबले. वर्गात हेडमास्तर आल्यावर होतं तसं.

मग भेंडं बुडायला लागली. धुक्यातून बाहेर येणारं सगळ्यात लांबचं भेंड आधी खाली गेलं आणि वर आलं. मग त्याच्या अलीकडचं. मग त्याच्या अलीकडचं. मासा लागला की भेंडं थरथरतात, दोन-तीन एकत्र डुचमळतात. हे तसं नव्हतं. कोणीतरी खालून, जाळ्याच्या कडेकडेने, एकेका भेंडाला हात लावत माझ्याकडे चालत येत होतं. घाई नव्हती. राहिलेली भेंडं मी मोजू लागले. अकरा. दहा. नऊ.

होडीपासून तिसरं भेंड खाली गेलं आणि खालीच राहिलं. दोर ताठ झाला. होडीचं नाक कलंडलं.

तळ मी साफ केला होता. तिथे ओंडका नव्हता.

पाय होडीच्या कडेला रोवून मी दोर ओढला. तो हलला नाही. त्या वेळी मला काय वाटलं ते खरं सांगते. भीती वाटली, पण भीतीच्या खाली राग होता. वर्षभर प्रत्येक जण मला सांगत होता की नदीने घेतलं, आता नदीचा मान राख. माझा मान कोण राखणार होतं?

"एल्डन," मी म्हणाले. आवाज धुक्यात दोन हातही गेला नसेल. "तू असशील तर वर ये. मी बघायला तयार आहे, कसाही असलास तरी. नसशील तर... जे कोणी असाल त्यांनी सोडा. जाळं माझं आहे. पट्टाही माझाच आहे."

काहीच झालं नाही. मग तळव्यात दोर एकदा हलकेच दाबला गेला, हातात हात घेऊन दाबतात तसा, आणि सुटला. मी पाठीवर पडले.

जाळं ओढून घेतलं तेव्हा चारशे हातांत एकच मासा होता. शॅडची मादी, चांगली दोन हातांत न मावणारी, गाभोळीने फुगलेली, हंगामाच्या शेवटी असू नये इतकी ताजी. कल्ले हलत होते.

धक्क्यावर आता लेमबरोबर आणखी दोघे होते. त्यांनी माशाकडे पाहिलं.

"पहिला मासा परत टाकायचा असतो," लेम म्हणाला. आता आवाजात थट्टा नव्हती. "बुडालेल्याच्या पट्ट्यातला पहिला मासा घरी नेत नाहीत. तुला माहीत आहे. तेवढं तरी कर, बाई."

"पहिला मासा माझ्या ताटात जाणार," मी म्हणाले, आणि त्यांच्या मधून ढकलगाडी नेली.

आता काट्यांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. शॅडच्या अंगात हजारावर काटे असतात, दोन-दोन ओळींत, मांसात तरंगणारे. ते काढण्याची विद्या गावात दोन-तीन बायकांनाच असते. त्या पडदा ओढून, पाठ करून काम करतात, आणि ती फक्त मुलीला देतात. एल्डनच्या आईला मुलगी नव्हती म्हणून तिने मुलाला शिकवलं. तिची रीत अशी की माशाची उजवी बाजू ती करायची, एकही शब्द न बोलता, आणि डावी त्याच्यापुढे सरकवायची. मला एल्डन दरवर्षी म्हणायचा, "पुढच्या हंगामात शिकवतो." मी चिडवायची, "मेल्यावर शिकव." असं आम्ही दोघं हसत सत्तावीस वर्षं बोललो.

तर मी भाजीच्या सुरीने तो मासा चिरला. काटे निघणार नव्हते, निदान तळून, वेचत वेचत खायचा असं ठरवलं होतं. खवले सबंध होते. कातडीवर कुठे ओरखडाही नव्हता. उजव्या बाजूच्या मांसावरून मी अंगठा फिरवला आणि थांबले.

काटे नव्हते. एकही नव्हता. मांसात चार बारीक, सरळ घळी होत्या, काटे काढल्यावर राहतात तशा, आणि मांस जिवंत, घट्ट होतं. डाव्या बाजूला सगळे काटे जागच्या जागी होते.

मी मासा फडक्यात गुंडाळला आणि मिस डॉर्कसकडे गेले. त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या. गावातल्या काटे काढणाऱ्या बायकांमध्ये सगळ्यात जुन्या, आणि जिभेने सगळ्यात तिखट.

"कोणाकडून करून घेतलंस?" उजव्या बाजूवरून अंगठा फिरवत त्या म्हणाल्या. "हे त्या स्टोनिंग्टनच्या बाईचं नाही. ती खाटीक आहे."

"वरची कातडी बघा, मिस डॉर्कस. मी चिरला तेव्हा तो जिवंत होता."

त्यांनी मासा उलटा केला, सुलटा केला. कल्ल्यात बोट घातलं. मग घळी एकेक करून मोजल्या.

"ही रीत एल्डनच्या आईची," शेवटी हळूच म्हणाल्या. "चार घळी. मी तीन करते... ती चार करायची. आणि तो." त्यांनी हात पुसले, दोनदा पुसले. "डावी बाजू ठेवली आहे."

"हो."

"मग माझ्याकडे काय आलीस? तुला सरकवलंय ते."

त्या रात्री मला झोप लागली नाही, पण रडूही आलं नाही. सकाळी पुन्हा गेले. चौदा दिवस रोज गेले. पाणी निवळलं तेव्हा इतरांसारखी संध्याकाळी गेले. दहा, वीस, कधी चाळीस शॅड मिळत, आणि त्यांत रोज एक तसा असायचा. वरून ओळखू यायचा नाही. घरी येऊन एकेक चाचपत बसावं लागे. उजवीकडच्या घळींवर बोट ठेवून मी डावीकडे सुरी चालवायची. पहिल्या दिवशी माशाचा चुराडा झाला. पाचव्या दिवशी निम्मे निघाले. मिस डॉर्कस माझ्या स्वयंपाकघरात खुर्ची टाकून, पाठ करून बसायच्या.

"आईला शब्द दिलाय, कोणाला दाखवणार नाही," त्या म्हणायच्या. "शिव्या देणार नाही असा शब्द दिलेला नाही. आण इकडे. हे काय गं? मासा चिरलास की त्याच्याशी भांडलीस?"

शेवटच्या दिवशी त्यांनी मी केलेली डावी बाजू दोनदा चाचपली. "शेपटीजवळ तीन राहिले."

"तिथे सुरी वळतच नाही."

"माझी वळते. एल्डनची वळायची, जन्मात एक ठेवला नाही त्याने. तुझे राहणार. राहू देत, तुझी सही समज."

पट्टा माझाच राहिला. यंदा एप्रिलमध्ये काठावरची शॅडबुशची झुडपं फुलून पांढरी झाली, तेव्हा लेम स्वतः येऊन माझी होडी पाण्यात ढकलायला लागला. "तुझ्या पट्ट्याच्या खाली टाकतो मी, चालेल ना?" असं विचारून गेला. लेमने मला विचारलं! मी खूश होते, हे लपवत नाही. आणि खरं म्हणजे मी त्या एका माशाची वाट पाहत होते. हिवाळाभर. विधवेला कोणी रोज पत्र पाठवावं तसं ते झालं होतं.

हंगामाच्या पहिल्याच दिवशी तो आला. उजवीकडे काटे नव्हते. मी डोळे मिटून अंगठा डोक्याकडून शेपटीकडे नेला. चार घळी. आणि शेवटी, शेपटीजवळ, अंगठ्याला टोचलं. एक. दोन. तीन.

मिस डॉर्कसना दाखवलं. त्यांनी हात लावला आणि भाजल्यासारखा मागे घेतला.

"ही बाजू तू केलीस?"

"नाही. मी सुरीच लावली नाही अजून."

"थर्झा... एल्डन हे ठेवणार नाही."

"माहीत आहे."

"मग गेल्या वर्षी शिकवत कोण होतं?"

मला दुसराच प्रश्न पडला होता. शिकत कोण होतं? माझ्या स्वयंपाकघराची खिडकी नदीवर आहे. गेला हंगामभर मी त्या खिडकीपाशी उभं राहून, उजेडात, पाण्याकडे तोंड करून मासे कापत होते.

त्या दिवशी हा पडदा लावला. जाड आहे, पालाचं कापड आहे. काटे काढणाऱ्या बायका पडदा का ओढतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मिस डॉर्कस म्हणाल्या, पट्टा लेमला देऊन टाक. लेमही परवा तेच म्हणाला, त्याला कोणी काही सांगितलेलं नसताना. मी दोघांनाही नाही म्हणाले. चार घळी माझ्या हातात आहेत आता. त्या मला एल्डनने दिल्या असोत की आणखी कोणी, त्या परत करायच्या नाहीत. आणि तो खाली असेल, तर तिथे जे काही आहे त्याच्या तावडीत मी त्याला पट्टा सोडून एकटा टाकणार नाही.

पण खात्री करायची होती. काल संध्याकाळी पडदा ओढला, त्याच्या खालच्या कडेवर दगड ठेवले, दाराला कडी घातली, दिवाही विझवला. अंधारात, नुसत्या बोटांच्या अंदाजाने एका माशाच्या दोन्ही बाजू केल्या. शेपटीजवळचे तीन नेहमीसारखे राहिले. आणि मुद्दाम चौथा एक ठेवला, डोक्यामागे, उजवीकडे, जिथे कोणाचाच चुकून राहत नाही. हे मी कोणाला बोलले नाही. तो मासा रात्रीच खाल्ला आणि काटे चुलीत टाकले.

आज पहाटे पाऊस झाला होता, पाणी गढूळ होतं, म्हणून सकाळीच गेले. सव्वीस शॅड मिळाले. विसावा चाचपला तो तसा निघाला.

हे ताट बघा. याच्या कडेला मी त्याचे काटे काढून ठेवले आहेत. हात लावलात तरी चालेल. तीन शेपटीजवळचे. आणि हा डोक्यामागचा.

उद्याची ओहोटी सव्वासहाची आहे. मी जाणार आहे, उद्याच्या माशात काटे राहतात की नाही ते बघायला. आज दुपारी, तुम्ही यायच्या आधी, मी दुसरा एक मासा कापला. सुरी शेवटी वळली. त्यात मी एकही काटा ठेवलेला नाही.